एल साल्वाडोर : बदनामीचा इतिहास, सुरक्षेची किंमत

पाठीवर बॅग टाकून, स्वस्त खोल्या आणि एसटीसारख्या बस शोधत जग फिरणाऱ्या तरुणांना बॅकपॅकर म्हणतात. मध्य अमेरिका हा त्यांचा आवडता पट्टा. तरीही दहा वर्षांपूर्वी त्यांतले बरेच जण एल साल्वाडोर टाळत असत, किंवा घाईघाईने ओलांडून पुढच्या देशात जात. जगातला सर्वांत धोकादायक देश अशी त्याची ख्याती होती. आज तेच तरुण तिथून व्हिडिओ टाकतात आणि सांगतात की रात्री बारा वाजता रस्त्यावर फिरलो, काहीच झाले नाही.

याच देशाचा दुसरा एक व्हिडिओ आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. डोकी भादरलेले, पांढऱ्या चड्ड्या घातलेले शेकडो कैदी मान खाली घालून एकमेकांना खेटून बसवलेले असतात. खाली ओळ असते, ‘आपल्यालाही असाच नेता हवा.’ हा व्हिडिओ आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवरही येतो आणि त्यालाही अंगठे मिळतात. म्हणून या देशाविषयी लिहावेसे वाटले.

मी तिथे गेलेलो नाही. बॅकपॅकर ज्या वाटेने फिरतात ती नकाशावर समोर ठेवली आणि एकेका मुक्कामाचा इतिहास वाचत गेलो. ‘धोकादायक’ हा शिक्का कुणी मारला आणि तो पुसायला कुणाला काय मोजावे लागले, एवढेच मला समजून घ्यायचे होते.

नीळ आणि कॉफी

एल साल्वाडोर म्हणजे तारणहार. हजरत ईसांच्या नावाने स्पॅनिश लोकांनी हे नाव ठेवले. देश महाराष्ट्राच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढा, लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. १५२४ मध्ये पेद्रो दे आल्वारादोची फौज इथे शिरली, तेव्हा इथे पिपिल लोकांचे कुस्कातलान नावाचे राज्य होते आणि त्यांची भाषा नावात होती. १८२१ मध्ये स्पेनचे राज्य गेले, पण जमीनदार राहिले.

सुचितोतो हे दगडी गल्ल्यांचे सुंदर गाव आज पर्यटकांचा ठरलेला मुक्काम आहे. तिथे निळीत कापड रंगवायला शिकवतात. पर्यटकाला ती हौस वाटते, पण वसाहतीच्या काळात नीळ हीच या मुलखाची कमाई होती आणि ती आदिवासींच्या मजुरीवर उभी होती. आपल्याकडे निळीचा धडा चंपारणला सुरू होतो आणि चंपारणलाच संपतो. जगाच्या दुसऱ्या टोकालाही याच रंगाने माणसे पिळून काढली होती, हे आपण मुलांना सहसा सांगत नाही. पुढे बंगालच्या निळीची स्पर्धा आणि नंतर जर्मनीतला कृत्रिम रंग यांनी तो धंदा बसवला.

नीळ गेली आणि कॉफी आली. कॉफीला ज्वालामुखीच्या उतारावरची जमीन लागते, आणि त्यातली बरीच जमीन गावांच्या सामाईक मालकीची होती. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी सामाईक जमिनी रद्द केल्या. शेतकरी एका पिढीत मजूर झाला. देशावर चौदा घराण्यांचे राज्य आहे, अशी म्हणच पडली. घराणी नेमकी चौदा नसतील, पण म्हणीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

फुलांच्या वाटेवर

देशाच्या पश्चिमेला ‘रुता दे लास फ्लोरेस’, म्हणजे फुलांची वाट आहे. कॉफीच्या मळ्यांमधून जाणारा हा रस्ता बॅकपॅकरांना फार आवडतो. अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या बस रंगवून इथे प्रवासी गाड्या केल्या आहेत. त्यातून उतरायचे, धबधबे पाहायचे, आणि पुपुसा खायचा. पुपुसा म्हणजे आत चीज किंवा घेवड्याचे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी. ह्वायुआ गावात शनिवार-रविवारी खाण्याची जत्राच भरते.

याच ह्वायुआत, शेजारच्या नाउइसाल्को आणि इसाल्कोत जानेवारी १९३२ मध्ये शेतमजुरांनी उठाव केला. जागतिक मंदीने कॉफीचे भाव कोसळले होते, मजुरी तुटली होती आणि निवडणुकीचा मार्ग बंद केला गेला होता. उठाववाल्यांनी मारलेल्यांची संख्या शंभराच्या आसपास होती. त्यानंतर जनरल माक्सिमिलियानो एर्नान्देस मार्तिनेसच्या लष्कराने काही आठवड्यांत किती माणसे मारली याचे अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. हा प्रसंग तिथे ‘ला मातान्सा’, म्हणजे कत्तल, एवढ्याच नावाने ओळखला जातो. आदिवासी नेते फेलिसियानो आमा यांना इसाल्कोत जाहीर फाशी दिली गेली. साम्यवादी नेते फाराबुन्दो मार्ती यांना गोळ्या घातल्या.

उठावात कोण होता हे तपासायला लष्कराकडे वेळ नव्हता. पेहराव आणि चेहरा आदिवासी असला की पुरे. त्यामुळे जगलेल्यांनी पेहराव सोडला आणि मुलांशी आपली भाषा बोलणे सोडले. नावात बोलणारे आता काही शे उरले आहेत, तेही बहुतेक म्हातारे. आपल्या पोशाखाची आणि बोलीची भीती वाटू लागणे म्हणजे काय, हे या लेखाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

कबर, संग्रहालय आणि नावांची भिंत

राजधानी सान साल्वाडोरच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप ऑस्कार रोमेरो यांची कबर आहे. पर्यटकही तिथे जातात. २३ मार्च १९८० रोजी रोमेरो यांनी प्रवचनातून सैनिकांना आवाहन केले की आपल्याच भावांवर गोळ्या चालवण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घालून मारले. २०१८ मध्ये पोपनी त्यांना संतपद दिले. आज देशाच्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे.

त्या हत्येनंतर यादवी युद्ध पेटले आणि बारा वर्षे चालले. एका बाजूला सरकार आणि त्याला अब्जावधी डॉलर देणारी अमेरिका, दुसऱ्या बाजूला मार्तींचे नाव घेतलेली एफएमएलएन ही गनिमी संघटना. सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली. पूर्वेच्या डोंगरात पेर्किन येथे युद्धाचे संग्रहालय आहे आणि जवळच एल मोसोते हे खेडे. डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या आत्लाकात्ल बटालियनने या खेड्यात आणि आसपास हजाराच्या आसपास लोक मारले. त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले होती. वाचलेल्या रुफिना आमाया यांनी मरेपर्यंत ही साक्ष दिली. अमेरिकेचे आणि तिथले सरकार मात्र वर्षानुवर्षे इन्कार करत राहिले.

जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये अहवाल दिला. नोंदलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्क्यांत सरकारी यंत्रणा आणि तिच्याशी जोडलेल्या टोळ्यांकडे बोट होते, सुमारे ५ टक्क्यांत गनिमांकडे. अहवालानंतर काही दिवसांतच संसदेने सगळ्यांना माफी देणारा कायदा केला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवेपर्यंत मधली तेवीस वर्षे गेली होती.

टोळ्या कुठून आल्या

बाहेरच्या माणसाला वाटते की हिंसा या लोकांच्या रक्तातच असावी. इतिहास वेगळे सांगतो. युद्धातून लाखो लोक अमेरिकेत पळाले. तिथे त्यांचे आश्रयाचे अर्ज बहुतेक फेटाळले गेले. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांत त्यांची मुले आधीच्या टोळ्यांच्या तावडीत सापडली. काही ‘बॅरियो १८’ या जुन्या टोळीत गेली, काहींनी स्वतःची टोळी केली, तीच पुढची एमएस-१३. १९९० च्या दशकात, विशेषतः १९९६ च्या कायद्यानंतर, अमेरिकेने अशा हजारोंना पकडून मायदेशी पाठवले. काहींना तर स्पॅनिशही धड येत नव्हते. मायदेशात नुकतेच युद्ध संपलेले, पोलीस दल नवे, काम नाही आणि बंदुका मुबलक.

त्यातून जे उभे राहिले ते भयानक होते. टोळ्यांनी वस्त्या वाटून घेतल्या. भाजीवालीपासून बसवाल्यापर्यंत प्रत्येकाकडून ‘रेन्ता’, म्हणजे हप्ता घेतला. एका टोळीच्या गल्लीतला मुलगा दुसऱ्या गल्लीत गेला तर जिवंत परतेल याची खात्री नसे. २०१५ मध्ये साडेसहा हजारांहून जास्त खून झाले, म्हणजे लाखामागे शंभराहून अधिक. भारतात तेव्हा हे प्रमाण लाखामागे तीनच्या आसपास होते. मरणारे बहुतेक स्थानिक गरीब होते. बॅकपॅकर ज्याला धोका म्हणून टाळत होता, त्यात त्या वस्तीतले लोक रोज राहत होते.

बेथलेहेमचे ‘तुर्क’

या इतिहासात आपल्या वाचकांना चकित करणारा एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पॅलेस्टाइनमधले, विशेषतः बेथलेहेमचे अरब इथे येऊन स्थायिक झाले. बहुतेक ख्रिस्ती होते, पण कागदपत्रे उस्मानी सल्तनतीची, म्हणून सरसकट ‘तुर्क’ म्हटले गेले. फेरीवाल्यांचे दुकानदार झाले, दुकानदारांचे कारखानदार. १९३२ ची कत्तल करणाऱ्या मार्तिनेसच्याच राजवटीत अरबांना देशात येण्यास बंदी घालणारे कायदे झाले. २००४ ची अध्यक्षपदाची निवडणूक मात्र बेथलेहेमी वंशाच्या दोघांमध्ये झाली. उजवीकडून आन्तोनियो साका आणि डावीकडून जुने गनिमी नेते शफीक हन्दाल. साका जिंकले.

सध्याचे अध्यक्ष नायीब बुकेले हेही पॅलेस्टिनी वंशाचे. त्यांचे वडील आर्मान्दो बुकेले यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते इमाम झाले. नायीब स्वतःला मुस्लिम म्हणवत नाहीत. वडिलांच्या धर्मामुळे काही जण आपल्याकडे त्यांच्याविषयी आपुलकीने बोलतात, पण राज्यकर्त्याचा हिशेब त्याच्या वंशावरून करायचा नसतो.

आणीबाणी

बुकेले २०१९ मध्ये अध्यक्ष झाले. खून कमी होऊ लागले. सरकार टोळ्यांशी गुपचूप वाटाघाटी करत आहे, असे ‘एल फारो’ या वृत्तपत्राने २०२० मध्ये छापले. २६ मार्च २०२२ रोजी एका दिवसात ६२ लोक मारले गेले. दुसऱ्या दिवशी आणीबाणी लागू झाली. पकडलेल्याला कारण सांगण्याची गरज उरली नाही, वकिलाचा हक्क गेला, न्यायाधीशापुढे उभे करण्याची मुदत तीन दिवसांवरून पंधरा दिवसांवर गेली. तीस दिवसांची ही आणीबाणी दर महिन्याला वाढवत वर्षानुवर्षे चालवली गेली.

ऐंशी हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. तुरुंगातल्या लोकांचे प्रमाण जगात सर्वाधिक झाले. चाळीस हजार कैद्यांसाठी नवा तुरुंग बांधला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो व्हिडिओ याच तुरुंगातला. शेकडो आरोपींवर एकत्र खटला चालवण्याची सोय कायद्याने केली. अटकेला अंगावरचे गोंदण पुरत असे, निनावी फोनही पुरत असे. सुमारे आठ हजार निर्दोष लोक सोडले, हे खुद्द बुकेले यांनी सांगितले. मानवी हक्क संघटनांच्या नोंदीनुसार शेकडो जण कोठडीतच मेले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२४ मध्ये सरकारी आकड्यांनुसार खुनांचे प्रमाण लाखामागे दोनहून कमी झाले. हप्ता थांबला, मुले गल्ली ओलांडू लागली. त्याच वर्षी बुकेले सुमारे ८५ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले, राज्यघटनेत लागोपाठ दुसऱ्या कारकिर्दीला मनाई असतानाही. त्या मतदाराला मूर्ख म्हणणे सोपे आहे. ज्याने दहा वर्षे हप्ता दिला आणि मुलगा गमावला त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ते मत समजते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या प्रवाशांसाठी या देशाला सर्वांत सुरक्षित श्रेणी दिली. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेनेच दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन माणसे टोळीवाले म्हणून याच तुरुंगात पाठवली होती. अनेकांविरुद्ध मुख्य पुरावा गोंदणाचा होता.

आपल्यापुढचा प्रश्न

८ सप्टेंबर २००६ ला, शबे-बरातच्या दिवशी मालेगावच्या बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते आपले लोक, आणि पकडले गेले तेही आपलेच तरुण. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले तेव्हा २०१६ साल उजाडले होते. दहा वर्षे लागली, तरी ते सुटले. कारण वकील होता, तारीख होती, प्रत्येकाचा पुरावा वेगळा तपासणारे न्यायालय होते. एल साल्वाडोरमध्ये नेमक्या याच गोष्टी बाजूला ठेवल्या गेल्या आहेत.

टोळ्या मोडायलाच हव्या होत्या. पण आठ हजार सुटले ते सरकारच्या मर्जीने सुटले. आत राहिलेल्यांत आणखी किती निर्दोष आहेत, हे विचारायची जागाच उरलेली नाही. तिथल्या तुरुंगांबाहेर आया खाण्याचे आणि कपड्यांचे गाठोडे घेऊन उभ्या राहतात आणि मुलगा जिवंत आहे का, एवढेच विचारतात. ज्या समाजाच्या आया मालेगावात, मुंबईत अशाच उभ्या राहिल्या आहेत, त्याने तो व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी त्या रांगेकडे एकदा पाहावे.