सगळेच कामावर

फ्रान्समध्ये गेदलाँ नावाच्या ठिकाणी काही मंडळी १९९७ सालापासून एक किल्ला बांधताहेत. जुना किल्ला दुरुस्त करताहेत असं नव्हे. नवाकोरा जुना किल्ला बांधताहेत. तेराव्या शतकातला. शेजारच्या खाणीतला दगड छिन्नी-हातोड्यानं घडवायचा, लाकूड कुऱ्हाडीनं तासायचं, मोठ्या लाकडी चाकात माणूस चालवून ओझी वर चढवायची. विजेचं यंत्र नाही. पंचवीस वर्षं उलटून गेली तरी काम चालूच आहे आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात. आपल्याकडे एखाद्या पुलाचं काम इतकं रेंगाळलं तर बघायला तिकीट कुणी काढीत नाही, हा भाग वेगळा.

ही हकिकत मी आमच्या डिंगोऱ्याच्या पारावर मोठ्या कौतुकानं सांगितली. सगळं शांतपणे ऐकून घेऊन एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का? त्यांच्यात पडलेलं न्हाईत का?"

प्रश्न आमच्या बाजूनं रास्त होता. जुन्नर तालुक्यात कुठंही उभं राहून गोफण फिरवा, दगड किल्ल्यावर पडेल. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी, माळशेजच्या तोंडाशी सिंदोळा. इंग्रजांनी १८१८ साली यातले बरेच पटापट घेतले आणि पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये म्हणून कुठं कुठं पायऱ्याच उडवून दिल्या. शिवनेरीचं नाव २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. बाकीचे किल्ले अजून गुराख्यांच्या यादीत आहेत.

आणि नवीन किल्ला हवाच असेल तर दिवाळीत आमची पोरं तो चार दिवसांत उभा करतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोतं, पोत्यावर चिखल, चिखलावर मोहरी पेरली की झाली सह्याद्रीची झाडी. वर सिंहासनावर महाराज. ते महादरवाजाच्या दुप्पट उंच, त्यामुळे आत कसे गेले हे विचारायचं नाही. पायथ्याला गाव. त्यात पाणी आणणारी बाई, बैलगाडी, एक ट्रॅफिक पोलीस आणि वाघ. वाघाच्या जागी हल्ली बिबट्या ठेवतात. आमच्या तालुक्यात तेवढा एक भाग इतिहासातला राहिलेला नाही.

किल्ल्याचं असं सोपं असतं. बुरूज दिसला की किल्ला. पण जुनं गाव उभं करायचं म्हटलं तर काय काय मांडायचं? ते पाहण्यासाठी आम्ही कोल्हापूरजवळच्या कणेरीला गेलो. तिथल्या सिद्धगिरी मठाच्या आवारात जुन्या गावाचं मोठं संग्रहालय आहे. टोमॅटोचा तोडा उरकल्यावर डिंगोऱ्याहून मिनीबस निघाली. भाकरी, ठेचा, तीन पिढ्या आणि एक हार्मोनियम. हार्मोनियम कशाला घेतला होता हे परत येईपर्यंत कळलं नाही.

कणेरीला खरोखरच बघत राहावं असं आहे. मोट हाकणारा शेतकरी, चाकावर मडकं चढवणारा कुंभार, भात्यापुढे लोहार, हजामत करणारा न्हावी, जात्यावर दळणाऱ्या बाया. शेकडो पुतळे, सगळे सिमेंटचे, पण असे हुबेहूब की आमच्यातल्या एका काकूंनी एका बाईला "जरा फोटोतून बाजूला व्हा हो" म्हणून दोनदा बजावलं.

आमच्या बरोबर गावचे सुतारमामा होते. वय ऐंशीच्या पुढे. वडिलांच्या हाताखाली बलुत्याचं काम केलेले गावातले आता बहुधा तेच शेवटचे. मामांनी तासभर सगळीकडे फिरून पाहिलं. मग सावलीला टेकले आणि म्हणाले, "झाक हाये. पर एक सांगू का मास्तर? सगळेच कामावर हायेत. असं गाव म्या पाह्यलं न्हाई."

"म्हणजे?"

"आवं, लव्हार गावला तर सुतार न्हाई, सुतार गावला तर कुणबी लाकूडच आणीत न्हाई. आन मिरगाचं ढग आलं की समदे एकदम नांगर घेऊन दारात. त्या दिवशी कसली कारागिरी? नुसती भांडणं."

इतिहासाचे अभ्यासक याहून वेगळं काही सांगत नाहीत, फक्त तळटीपा देऊन सांगतात. आपल्या जुन्या गावाबद्दल जी माहिती उरली आहे, तिच्यातली बरीचशी भांडणांमुळेच उरली आहे. दोन सुतारांत वतनाचा तंटा लागला की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या आणि महजर लिहिला जायचा. त्यावर ज्याची त्याची निशाणी. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा-दोर. साक्षींनीही भागलं नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. हात भाजला नाही तर वतन खरं. नीट नांदलेल्या गावानं मागं कागदच ठेवला नसणार. हिरोशी फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकानं असले मराठी कागद वाचून दाखवून दिलं, की बलुतेदार हा एकेका घराचा नोकर नव्हता; तो सबंध गावाचा होता. आता सबंध गाव मालक असल्यावर माणसाची काय अवस्था होत असेल ते सोसायटीच्या चेअरमनला विचारा.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. त्या पुस्तकात आणि तसल्या जुन्या याद्यांत बलुतेदारांच्या तीन ओळी असतात. थोरली, मधली, धाकटी. सुगीत खळ्यावर धान्य मोजताना थोरल्या ओळीला जास्त, धाकटीला कमी. गावोगाव नावं थोडी बदलतात, पण सुतार थोरल्या ओळीत आणि जोशी धाकट्या ओळीत, हे सहसा चुकत नाही. मी जोशी. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे तुमचं घर आमच्या मागं?"

"दोन ओळी मागं."

"आन जेवायच्या पंगतीत?"

मी गप्प बसलो. पेंढीला मागं आणि पंगतीला पुढं, असा आमचा पूर्वापार बंदोबस्त होता. उलटा बंदोबस्त महारांचा. बऱ्याच याद्यांत तेही थोरल्या ओळीत आहेत. कागदावर. राहायचं वेशीबाहेर, आणि राबायचं गावाला नि सरकारला, दिवस-रात्र न बघता. डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात या वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं, ते काही पार पडलं नाही. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं मोडली ती १९५८ साली. ज्या स्वयंपूर्ण गावाच्या आठवणीनं आपण शहरात बसून गहिवरतो, ते गाव सोडायला कुणी कुणी किती धडपड केली, हे गहिवरणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. मलाही मामा न भेटते तर ते पुस्तकातच ठेवून देता आलं असतं.

मामा मग सुताराच्या पुतळ्यापाशी जाऊन बसले. त्याच्या हातांकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "काम वरीसभर. मजुरी येक दिवस. तीबी मागून."

"मागून म्हणजे नंतर?"

"न्हाई हो. मागून. खळ्यावर हुबं ऱ्हायाचं. कुणबी द्यायचा, न्हाई असं न्हाई. पर आमचा बाप हुबा ऱ्हायाचा, त्यो माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात खळीच पडली नाहीत. वर्षभर नांगर-पाभरी दुरुस्त केल्या त्याचं कुणाकडून काय मागणार? मामा हत्यारांची पिशवी घेऊन नारायणगावला गेले आणि एका दुकानात रोजावर लागले. दारं, चौकटी, मग टोमॅटोची खोकी. पहिल्या शनिवारी नोटा हातात पडल्या तेव्हा त्यांनी त्या दोनदा मोजल्या. कमी असतील म्हणून नव्हे, उगीच.

"आन गावाकडची कामं?" मी विचारलं.

"बाप करीत ऱ्हायला. त्याला करमायचं न्हाई."

एवढ्यात मामांचा पणतू पळत आला. हातात आइस्क्रीम, तोंडाला आइस्क्रीम. पुतळ्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "आजोबा, याला पगार किती?"

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सुगीला कळंल," ते म्हणाले, आणि बसकडे चालू लागले.