स्थानकाजवळची जमीन आणि सामान्यांचे घर

रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर शिपाई, कारकून, शिक्षक आणि व्यापारी अशा सगळ्यांची घरे असावीत, हा विचार महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अजमावला गेला तो नवी मुंबईत. ठाणे खाडीच्या पूर्वेला सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रावर, ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. ते उभे करण्यासाठी जमिनीची मालकी, घरांच्या किमती आणि रेल्वेचा खर्च यांची एकत्र मोट बांधावी लागली.

घर आणि आगगाडी यांचे नाते मुंबईला नवे नव्हते. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1925 पासून विजेवरच्या लोकल सुरू झाल्या आणि दादर, पार्ले, मुलुंड, पुढे डोंबिवली अशी मराठी मध्यमवर्गाची वस्ती रुळांच्या कडेने सरकत गेली. मात्र रूळ टाकणारे, जमीन विकणारे आणि घरे बांधणारे वेगवेगळे होते. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने दादर-माटुंगा भागात आखीव वस्ती वसवली, पण तेथील भूखंड मुख्यतः मध्यमवर्गाकडे गेले. गिरणी कामगारांच्या वाट्याला बीडीडी, म्हणजे मुंबई विकास खात्याच्या, चाळींतील एकेक खोली आली. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे 1920 ते 1925 या काळात अशा 207 चाळी बांधल्या गेल्या. उत्पन्नाप्रमाणे वस्त्या वेगळ्या करण्याची ही रीत पुढे बराच काळ टिकली.

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेच्या टोकाला कचेऱ्या आणि उत्तरेला घरे अशी मुंबईची लांबट रचना लोकलवर असह्य भार टाकू लागली. सदाशिव गोविंद बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली 1958 मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर रस्ता आणि रेल्वे असा जोडपूल बांधण्याची शिफारस केली. 1965 मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने त्याहून पुढचा विचार केला. शहराच्या हद्दीत बसून शहराचे प्रश्न सुटणार नाहीत. संपूर्ण प्रदेशाचे नियोजन हवे आणि वस्ती अनेक केंद्रांत विभागायला हवी, असे या समितीचे म्हणणे होते. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना नकाशांसह मांडली. 1966 मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला, पुढच्या वर्षी मुंबई महानगर प्रदेश अधिसूचित झाला आणि 17 मार्च 1970 रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले. कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले, तर पटेल यांच्याकडे नियोजन आणि बांधकामाची धुरा आली.

सिडकोच्या हाती सरकारने दिलेले भांडवल अवघे 3.95 कोटी रुपये होते. एवढ्या पैशात वीस लाखांचे शहर उभे राहणे शक्य नव्हते. आधार होता तो जमिनीचा. शेतजमीन आणि मिठागरे सरकारने संपादित करून सिडकोला द्यायची. सिडकोने तेथे रस्ते, पाणी, गटारे करायची. विकसित भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकायचे आणि आलेला पैसा पुढच्या कामात घालायचा, असे हे गणित होते. व्यापारी भूखंडाला चढा भाव, उच्च उत्पन्न गटाला त्याहून कमी आणि दुर्बल घटकाला उत्पादनखर्चाहूनही कमी भाव ठरला. दुकानदाराने मोजलेल्या पैशातून शिपायाच्या घराचा खर्च भागावा, ही या योजनेतील सर्वांत मोलाची कल्पना होती.

1973 च्या विकास आराखड्यात सलग एक शहर न आखता साखळीसारखी उपनगरे आखली गेली. त्यांना नियोजकांनी ‘नोड’ म्हटले आणि तोच शब्द नवी मुंबईकरांच्या तोंडी बसला. प्रत्येक नोडच्या मध्याशी स्थानक, त्याच्याभोवती बाजार आणि कचेऱ्या, मग दाट वस्ती, शाळा आणि मैदाने अशी मांडणी होती. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली, खारघर, कळंबोली आणि नवीन पनवेल ही त्यांपैकी ठळक नावे. एकाच सेक्टरमध्ये किंवा शेजारच्या सेक्टरमध्ये लहान-मोठी घरे राहतील, शाळा आणि बाजार सर्वांना सामाईक असतील, अशी अपेक्षा होती.

वाशीच्या पहिल्या वस्तीत ही अपेक्षा बऱ्याच अंशी उतरली. त्या काळी खाडीपलीकडे जायला मुंबईकर फारसे राजी नव्हते, आणि म्हणूनच मर्यादित पगारावर जगणाऱ्यांना तेथे घर परवडले. बेलापूरला कोरिया यांनी 1980 च्या दशकात बांधलेली वसाहत, जिला लोक ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणून ओळखतात, या विचाराचा सर्वांत सुंदर नमुना आहे. सात घरांमध्ये एक अंगण, अशी अंगणे जोडत जाऊन झालेली ती बैठी वस्ती आहे. भूखंड साधारण 45 ते 75 चौरस मीटरचे ठेवले गेले, म्हणजे गरीब आणि सुस्थितीतल्या कुटुंबाच्या जागेत दुपटीचाही फरक नव्हता. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र होत्या, म्हणून ऐपतीप्रमाणे खोली वाढवता येई. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातही हेच तत्त्व होते. मुंबईत चारकोप येथे सुमारे 35 लहान भूखंड एका चौकाभोवती मांडून त्यांची सहकारी संस्था केली गेली आणि रस्त्यालगतचे मोठे भूखंड चढ्या भावाने विकून तूट भरली गेली. ऐरोली आणि कोपरखैरणे येथील छोट्या भूखंडांवरच्या बैठ्या रांगा याच काळातल्या.

रेल्वे मात्र मागे राहिली. 1973 मध्ये खाडीवर पूल झाला तो केवळ रस्त्याचा. बर्वे अभ्यासगटाने सुचवलेले रूळ त्यावर नव्हते. सिडकोने स्थापन केलेली बससेवा 1980 च्या दशकात बंद पडली. मंत्रालय खाडीपलीकडे नेण्याची कल्पना बारगळली आणि नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहतच गेले. रोजगार दक्षिण मुंबईत आणि घर वाशीला, अशी ओढाताण सोसणाऱ्या कुटुंबांना स्वस्त घराची किंमत प्रवासात चुकवावी लागली. नियोजनातील ही चूक लहान नव्हती. कांदा-बटाटा बाजार 1981 मध्ये तुर्भ्याला आला, तेव्हा कोठे मोठा रोजगार खाडी ओलांडून आला.

अखेर मानखुर्द-वाशी लोहमार्ग 9 मे 1992 रोजी खुला झाला. त्याच्या खर्चाचा 67 टक्के भार सिडकोने उचलला आणि 33 टक्के रेल्वेने. देशातील उपनगरी रेल्वेच्या इतिहासात नगरविकास संस्थेने एवढा वाटा उचलणे ही नवी गोष्ट होती. तो पैसा पुन्हा जमिनीतूनच उभा राहिला. स्थानकांच्या वर आणि भोवती व्यापारी संकुले बांधली गेली आणि तिकिटावर अधिभार लावला गेला. गाडी 1993 मध्ये बेलापूरला आणि 1998 मध्ये पनवेलला पोहोचली. ठाणे-तुर्भे-वाशी मार्ग 2004 मध्ये सुरू झाला. 1991 च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या सुमारे 3 लाख होती. 2001 मध्ये ती 7 लाखांवर आणि 2011 मध्ये 11 लाखांवर गेली.

ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे सारे उभे राहिले, त्या आगरी-कोळी गावांची जागा आराखड्यात फार तोकडी होती. जमीन कवडीमोल भावाने गेली आणि गावठाणे सेक्टरांच्या मध्ये बेटांसारखी उरली. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मारले गेले. त्यानंतरच्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शहराच्या नफ्यात मूळ मालकाचाही हिस्सा असतो, हे तत्त्व या माणसांनी रक्त सांडून मान्य करून घेतले. सर्व उत्पन्नगटांच्या शहराची चर्चा करताना ही नोंद सहसा तळटीपेत जाते, हे अन्यायाचे आहे. भाड्याने खोली घेणाऱ्या मजुराला शहरात पाय ठेवता आला तोही बराचसा याच गावठाणांतील दाट, आखणीबाहेरच्या घरांमुळे.

रेल्वे आली आणि जमिनीचे गणित उलटले. स्थानकाजवळचा भूखंड निविदेने, सर्वाधिक बोलीला विकला जाऊ लागला. ज्या वाढीव किमतीतून दुर्बल घटकाच्या घराला हातभार लागायचा, तीच किंमत त्याला स्थानकापासून दूर लोटू लागली. सिडकोने बांधलेल्या सव्वा लाखाच्या आसपास घरांपैकी निम्म्याहून थोडी अधिक अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटांसाठी होती, ही कामगिरी देशातल्या कोणत्याही नव्या शहरापुढे ठेवण्याजोगी आहे. तरी त्यांतील अनेक घरे कालांतराने अधिक ऐपतीच्या कुटुंबांकडे गेली, कोपरखैरण्याच्या बैठ्या रांगांवर मजले चढले.

2018 पासून सिडको पुन्हा मूळ कल्पनेकडे वळली. त्या वर्षी तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील 14,838 घरांची सोडत निघाली. पुढच्या टप्प्यात खांदेश्वर, मानसरोवर, बामणडोंगरी आणि खारकोपर या स्थानकांचे परिसर, तसेच वाशीचा ट्रक टर्मिनल अशा जागा परवडणाऱ्या घरांसाठी घेतल्या गेल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल पोहोचली, बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली. 2024 मध्ये 26 हजार घरांची योजना जाहीर झाली, आणि तिच्यात वाशीतील अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत सुरुवातीला सुमारे 74 लाख रुपये ठरली.