चुलीचा धूर आणि अडलेला श्वास

१९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात दिल्लीतील १२७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखक होते डॉ. एस. पद्मावती आणि एस. एन. पाठक. विषय होता ‘कॉर पल्मोनाले’, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर येणारा ताण.

पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांत मध्यमवयीन व वृद्ध पुरुषांचा भरणा असे. दिल्लीचे चित्र निराळे होते. पद्मावती यांच्या या व पुढील अभ्यासांत स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या जवळपास आढळले; धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया मात्र फारच थोड्या होत्या. मग फुफ्फुसे कशाने झिजली? उत्तर घरातच होते: लाकडे आणि गोवऱ्यांवर पेटणारी चूल, आणि तिच्यासमोर लहानपणापासून बसलेली स्त्री.

आज ‘सीओपीडी’ म्हणून ओळखला जाणारा हा विकार एरवी हळूहळू वाढतो. पण जंतुसंसर्गाने किंवा प्रदूषणाने तो एकाएकी बळावतो. तेव्हा श्वासनलिका सुजतात, कफ दाटतो आणि श्वास बाहेर टाकणे कठीण होते. उच्छ्वास पुरा होण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो आणि हवा आत साठत जाते. छाती फुगलेली राहते, श्वासपटल सपाट होऊन दुबळे पडते. रक्तातील प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. प्राणवायू घटताच फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. पायांवर सूज येते. दम्यासारखी वाटणारी धाप अशा रीतीने हृदयापर्यंत पोहोचते.

२०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज पुढे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोहोचली. तरीही सिलिंडर परवडेनासा झाला की चूल पुन्हा पेटते.

पद्मावती यांचे २०२० साली, वयाच्या १०३व्या वर्षी, कोविडने निधन झाले. त्यांच्या अभ्यासाचा बोध आजही जुना झालेला नाही. धाप लागलेल्या स्त्रीला ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारून थांबणारा वैद्य निम्मे निदान गमावतो. दुसरा प्रश्न तितकाच आवश्यक आहे: ‘स्वयंपाक कशावर करता?’