दोन कागद आणि एक डोंगर

सिसिलीचा विषय निघाला की आपल्याकडे तो दोन वाक्यांत संपतो. मुस्लिमांनी तिथे अडीचशे वर्षे राज्य केले, हे पहिले वाक्य. मग नॉर्मन आले आणि ते राज्य गेले, हे दुसरे. कुणी पहिले अभिमानाने म्हणतो आणि दुसरे हळहळत. कुणी नेमके उलट करतो. पण दोन्ही वाक्यांत फक्त राजे आणि फौजा आहेत. त्या डोंगरांवर गहू पेरणारी, द्राक्षवेल छाटणारी माणसे त्यात कुठेच नाहीत. राज्य गेल्यावर ही माणसे कुठे गेली, हा प्रश्न म्हणूनच फारसा कुणी विचारत नाही.

गेल्या सप्टेंबरात नऊ जणांच्या एका छोट्या गटाबरोबर मी पालेर्मोच्या नैऋत्येकडचा डोंगराळ मुलूख पाहिला. सहल होती डोंगरावरच्या गावांची आणि द्राक्षमळ्यांची. मळ्यावर इतरांचे पेले भरले जात, तेव्हा मी पाव आणि ऑलिव्हचे तेल घेऊन नकाशा उघडून बसायचो. त्या नकाशावरची नावे वाचण्यासारखी होती. मिसिलमेरी म्हणजे मंझिल अल-अमीर. मेत्सोयूसो म्हणजे मंझिल यूसुफ. काल्ताबेलोत्ता म्हणजे कलअत अल-बल्लूत, ओक झाडांचा किल्ला. हा ‘काल्ता’ आणि आपला मराठी ‘किल्ला’ ही एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत. सिसिलीत ज्या द्राक्षाला जिबिब्बो म्हणतात, त्याचे नावही अरबी ‘जबीब’वरून आलेले आहे. जबीब म्हणजे बेदाणा.

ही नावे मी मोठ्याने वाचत होतो तेव्हा गटातले एक गृहस्थ हसून म्हणाले, “म्हणजे इथं तुमच्या लोकांचं राज्य होतं म्हणा की!” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण ‘तुमच्या लोकांचं’ हा शब्दप्रयोग आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला आहे, आणि त्याला खरे उत्तर इतिहासातूनच द्यावे लागते.

827 साली काझी असद इब्न अल-फुरात यांच्या नेतृत्वाखाली अग्लबी फौज माझारा इथे उतरली. 831 मध्ये पालेर्मो पडले, 902 मध्ये ताओर्मिना. पुढे 1061 पासून नॉर्मनांनी बेट घ्यायला सुरुवात केली आणि 1091 मध्ये नोतो हे शेवटचे मोठे ठाणेही गेले. राज्य बदलले, पण माणसे जागच्या जागी राहिली. दुसऱ्या रॉजरने दरबारात अल-इद्रिसीला आसरा दिला आणि त्याचा भूगोलाचा प्रसिद्ध ग्रंथ 1154 मध्ये पूर्ण झाला. पालेर्मोत 1149 चा एक स्मृतिशिलालेख आहे, त्यावर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतला मजकूर शेजारी शेजारी कोरलेला आहे. सिसिलीच्या ‘सहजीवना’चे कौतुक करताना हीच उदाहरणे दिली जातात, आणि ती खोटी नाहीत.

पण दरबार म्हणजे गाव नव्हे. मुस्लिम सत्तेखाली ख्रिश्चन प्रजा जिझिया भरत असे. नॉर्मन राजांनी तोच कर, त्याच नावाने, मुस्लिमांवर बसवला. दुसऱ्या विल्यमने 1170 च्या दशकात मोनरेआलेचे भव्य चर्च आणि मठ उभारला आणि त्याच्या खर्चासाठी पश्चिमेकडचा विस्तीर्ण मुलूख मठाला तोडून दिला. यातो, कोर्लेओने आणि कालात्रासी हे परगणे त्यात आले. जमिनीबरोबर तिच्यावरची माणसेही दिली गेली. त्यासाठी तयार झालेल्या याद्यांना ‘जरीदा’ म्हणत. 1178 च्या जरीद्यात कुळांची नावे अरबी आणि ग्रीकमध्ये आहेत. 1182 च्या जरीद्यात ओढे, खडक आणि वाटा सांगत शिवांच्या हद्दी अरबी आणि लॅटिनमध्ये लिहिलेल्या आहेत. कुणाच्या नावापुढे बापाचे नाव, कुणाच्या पुढे धंदा. आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी असाच हा दस्त आहे, पण एक मोठा फरक आहे. सातबाऱ्यात जमीन माणसाच्या नावावर असते. जरीद्यात माणूस जमिनीच्या नावावर होता.

1184 च्या अखेरीस इब्न जुबैर हा अंदलुसी प्रवासी हजहून परतताना मेसिनाजवळ जहाज फुटून या बेटावर आला. राजाच्या महालात अरबी बोलणारे नोकरचाकर आणि नाताळच्या दिवशी मुस्लिम बायकांसारख्या पेहरावात चर्चला निघालेल्या ख्रिश्चन बायका त्याने पाहिल्या. त्याच बेटावरच्या मुस्लिमांच्या मनातली धास्तीही त्याने टिपली. ती खरी ठरली. 1189 मध्ये विल्यम वारला आणि पालेर्मोत मुस्लिमांवर हल्ले झाले. वाचलेले अनेकजण पश्चिमेच्या डोंगरांत गेले, आणि मठाची कुळे बंडाला उठली.

माँते यातो हा त्या बंडाचा एक बालेकिल्ला. 852 मीटर उंचीचा हा डोंगर. वर ग्रीक काळातल्या थिएटरचे अवशेष आहेत आणि झुरिच विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ 1971 पासून तिथे उत्खनन करत आहेत. थिएटरच्या पडीक दगडांवरच मध्ययुगातल्या मुस्लिम कुटुंबांनी घरे बांधली होती. या बंडाला तोंड दिले सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने. हा तोच फ्रेडरिक, ज्याने 1229 मध्ये सुलतान अल-कामिलशी वाटाघाटी करून मोठी लढाई न करता जेरुसलेम मिळवले. दूरच्या सुलतानाशी करार करणाऱ्या या राजाला घरच्या कुळांशी मात्र करार करावासा वाटला नाही. 1220 च्या दशकापासून त्याने सिसिलीचे मुस्लिम उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर, शेकडो किलोमीटर दूर लुचेरा या टेकडीवरच्या गावी नेऊन वसवले. 1246 मध्ये यातोही पडला आणि डोंगर रिकामा झाला.

लुचेरात त्यांना मशीद होती, काझी होता. ते शेती करत, सम्राटासाठी तिरंदाज पुरवत. पण हे सारे राजाच्या मर्जीवर होते. 1300 मध्ये आंजूच्या दुसऱ्या चार्ल्सने वस्ती मोडली आणि बहुतेक रहिवाशांना गुलाम म्हणून विकले. कारण धर्माचे सांगितले गेले. पण राजा कर्जात बुडालेला होता, आणि माणसे, गुरे व धान्य विकून आलेला पैसा त्याच्या तिजोरीत गेला.

आता त्या डोंगराकडे परत येऊ. यातोपासून जवळच पियाना देल्यी अल्बानेसी हे गाव आहे. ऑटोमन फौजा अल्बानियात शिरल्यावर तिथून पळालेल्या ख्रिश्चन कुटुंबांनी ते वसवले. 1488 मध्ये मोनरेआलेच्या आर्चबिशपने त्यांना आपल्या जमिनीवर राहण्याच्या अटी लेखी करून दिल्या. म्हणजे एका ख्रिश्चन सम्राटाने मुस्लिमांना हाकलून जो मुलूख ओस पाडला, तिथे एका मुस्लिम सुलतानाच्या फौजांपुढे पळालेले ख्रिश्चन येऊन राहिले. पाचशेहून अधिक वर्षे झाली, तरी तिथे अरबरेश भाषा बोलली जाते, रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत आणि चर्चमधली उपासना बायझंटाइन पद्धतीने चालते.

मठ तोच, जमीन तीच, परकी भाषा आणि वेगळी उपासना दोघांचीही. यातोचे लोक मुस्लिम होते आणि पियानाचे ख्रिश्चन, हा फरक मोठा होता आणि तो मी नाकारत नाही. पण एकाच धर्माचे असूनही या डोंगरातल्या कष्टकऱ्यांना जमीन सुखासुखी मिळाली नाही. 1 मे 1947 रोजी याच गावाजवळच्या पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा खिंडीत जमीन मागायला जमलेल्या शेतकऱ्यांवर जुलियानोच्या टोळीने गोळ्या झाडल्या. अकरा जण मेले. मारणारे आणि मरणारे एकाच धर्माचे होते.

त्यामुळे त्या गृहस्थांना मी म्हणालो, “राज्य अग्लबींचं होतं, माझं नव्हतं. माझं नातं असलंच तर त्या यादीतल्या माणसांशी आहे.” हे वाक्य आपण आपल्या इथल्या इतिहासालाही लावून पाहायला हरकत नाही. निजामशाही, आदिलशाही आपली होती का, या वादात आपण फार वेळ घालवतो. सत्तेचा वारसा सांगितला की तिचा हिशेबही आपल्याच माथी येतो. नांगराचा, मागाचा, गलबताचा वारसा मात्र कुणी हिसकावू शकत नाही. समाज टिकतो तो कोणे एके काळच्या राजामुळे नव्हे, तर जिथे राहतो तिथे त्याचे हक्क लेखी आहेत की तो कुणाच्या मर्जीवर आहे, यावर. पियानाच्या लोकांकडे करार होता. यातोच्या लोकांकडे फक्त त्यांची यादी होती. ती यादी पालेर्मोत आजही जपलेली आहे, अक्षर स्वच्छ वाचता येते. त्या नावांना ओ देणारे मात्र त्या डोंगरावर कुणी नाही.