चोळीबांगडीचे बेंगळूर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कार्यकारिणीचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो टाळतो. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, स्लीपर, खडी आणि तपासणीचे रजिस्टर यापलीकडे माझी लेखणी सहसा जात नाही. इतिहासाची आवड मात्र शाळेपासून आहे. यंदा निमित्त घडले ते माझ्या सातवीतल्या मुलामुळे.

त्याला शाळेत प्राचीन इजिप्तवर प्रकल्प होता. रात्रीची जेवणे झाल्यावर आम्ही दोघे चार्टपेपर पसरून बसलो. पिरॅमिडचे चित्र झाले, नाईल नदी निळ्या रंगात काढून झाली. मग युद्धांचे पान आले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या उत्तर भागावर हिक्सोस राजांची सत्ता होती आणि दक्षिणेत थीब्ज येथे दुसरे राजघराणे होते. या घराण्यातला राजा सेकेनेन्रे युद्धात मारला गेला. त्याच्या ममीच्या डोक्यावर शस्त्रांचे घाव आजही दिसतात. त्याच्या घरातल्या अहमोस राजाने पुढे हिक्सोसांची राजधानी अवारिस जिंकली.

इथे मुलगा थांबला. अहमोस नावाचा आणखी एक माणूस त्याला पुस्तकात सापडला होता. हा राजा नव्हता, साधा सैनिक होता. ओळख म्हणून ‘एबानाचा मुलगा अहमोस’ म्हणायचे, आणि एबाना हे त्याच्या आईचे नाव! अवारिसच्या वेढ्यात तो लढला. पुढे तीन राजांच्या पदरी त्याने चाकरी केली आणि शौर्याबद्दल सात वेळा सोन्याचे बक्षीस मिळवले. एल काब गावी आपल्या थडग्याच्या भिंतीवर हे सगळे त्याने कोरून ठेवले आहे.

मुलाने विचारले, “बाबा, आपल्याकडे राजांच्या लढाईतल्या साध्या सैनिकाचं असं नाव उरलंय का? इथं बेंगळूरला झाली होती का अशी लढाई?”

मी म्हटले, “झोप आता, उद्या सांगतो.” त्या ‘उद्या’साठी जे वाचले, आठवले आणि जुळवले, ते आपल्यापुढे ठेवत आहे.

शहाजीराजांचे बेंगळूर

आपण नोकरीधंद्यासाठी बेंगळूरला आलो, तेव्हा परमुलखात आल्यासारखे वाटले असेल. पण मराठी माणूस इथे पहिल्यांदा आला तो आयटीच्या आधी, रेल्वेच्याही आधी. केंपेगौडांनी १५३७ साली हे शहर वसवले. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि त्याच्यासोबत शहाजीराजे यांनी ते घेतले. पुढे बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. चिकपेट भागात त्यांचा गौरीमहाल होता असे सांगतात. सिटी स्टेशनला उतरून आपण साड्या घ्यायला पायी चिकपेटला जातो. हा तोच परिसर.

शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. धाकटे शिवाजीराजे पुण्याकडे स्वराज्याच्या उद्योगात होते. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, वडिलांजवळ कर्नाटकात राहिले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचे निधन झाले. कर्नाटकातली जहागीर, फौज आणि खजिना सगळे एकोजीराजांच्या ताब्यात राहिले. त्यांच्या काळाची खूण आपल्या मल्लेश्वरम्‌मध्ये आहे. काडू मल्लेश्वर देवळाला त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. पुढे १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले आणि तिथे भोसल्यांची गादी सुरू झाली.

वाटणीचा प्रश्न

आता मुद्द्याकडे येतो. घरोघरी जे होते तेच इथे झाले. वडील गेले, वाटणी झाली नाही.

शहाजीराजांच्या काळापासून हनमंते घराणे भोसल्यांच्या कारभारात होते. त्यातले रघुनाथपंत एकोजीराजांचे कारभारी. दोघांचे पटले नाही, पंत निघाले आणि शिवछत्रपतींकडे आले. कर्नाटकातल्या मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मिळाला. राज्याभिषेकानंतर महाराजांनी दक्षिण दिग्विजयाची मोहीम काढली. त्यामागे राजकारण मोठे होते, पण त्यात वडिलार्जित मिळकतीच्या अर्ध्या हिश्शाचाही प्रश्न होता.

१६७७ च्या उन्हाळ्यात जिंजी हाती आली. जुलैमध्ये कोळ्ळिडम नदीच्या उत्तर काठी तिरुमळवाडीला दोघे भाऊ भेटले. (चेन्नईहून तिरुचीला जाताना श्रीरंगमच्या अलीकडे गाडी एका लांब पुलावरून जाते, ती हीच नदी.) वडील जाऊन तेरा वर्षे झाली होती. महाराजांनी हिस्सा मागितला. एकोजीराजांचे म्हणणे वेगळे होते. मुलूख आपण राखला, तंजावर आपण कमावले, मग वाटणी कसली? दिवस गेले, बोलणे पुढे सरकेना. शेवटी एका रात्री एकोजीराजे लहानशा तराफ्यावरून नदी उतरून तंजावरला निघून गेले.

महाराजांनी पाठलाग केला नाही. नदीच्या उत्तरेचा मुलूख त्यांनी ताब्यात घेतला. परतीच्या वाटेवर कोलार, बाळापूर, होसकोटे, शिरे, बेंगळूर ही वडिलांच्या जहागिरीतली ठाणीही स्वराज्यात आली. जिंजीकडे फौजेसह ठेवले रघुनाथपंतांना आणि संताजी भोसल्यांना. हे संताजीसुद्धा शहाजीराजांचेच पुत्र. आधी ते एकोजीराजांकडे होते, मग महाराजांना येऊन मिळाले. म्हणजे एका बापाचे दोन मुलगे समोरासमोर, आणि तिसऱ्याच्या हक्कासाठी!

१६ नोव्हेंबर १६७७

महाराज दूर गेल्याचे पाहून एकोजीराजांनी कोळ्ळिडम ओलांडली. मद्रासच्या इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारात या लढाईची हकीकत आहे. एकोजीराजांकडे ४,००० घोडेस्वार व १०,००० पायदळ, तर संताजींकडे ६,००० घोडेस्वार व ६,००० पायदळ. दोन्ही मिळून सव्वीस हजार माणसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लढाई झाली. दिवस एकोजीराजांचा ठरला, संताजींची फौज मागे हटली. जिंकलेल्यांनी घोड्यांची खोगिरे उतरवली, माणसे थकून झोपली. त्याच रात्री संताजी आडवाटेने फिरून आले आणि झोपलेल्या छावणीवर तुटून पडले. सकाळी जिंकलेली लढाई रात्री हरली. एकोजीराजांचे तीन सरदार आणि सुमारे हजार घोडे संताजींच्या हाती लागले.

इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत संपते. मी मात्र त्या हजार घोड्यांपाशी अडकलो. त्या काळी स्वार दोन प्रकारचे असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा हेच शिलेदाराचे भांडवल. तो गेला की चाकरी गेली. त्या रात्री किती शिलेदार एका झोपेत कंगाल झाले असतील? आणि जे झोपेतून उठलेच नाहीत, त्यांचे काय?

शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. त्यांच्यासोबत पाणी आणणारा एक पखालजी आणि घोड्यांचे नाल ठोकणारा एक नालबंद. हे वाचताना मला आमची गँग डोळ्यांपुढे आली. एक मेट, एक कीमन आणि ट्रॅकमन. पहाटे धुक्यात कीमन हातोडा आणि पाना घेऊन रुळाच्या कडेने मैलोन्‌मैल चालतो, सैल झालेली एकेक चावी ठोकतो. गाडी वेळेवर सुखरूप पोचते. तपासणी अहवालावर सही माझी असते. कीमनचे नाव त्यात नसते. सव्वीस हजारांतल्या पखालजींचे आणि नालबंदांचे तरी कुठे आहे?

त्यांतले बरेच जण मूळचे आपल्याच मुलखातले असणार. शहाजीराजांच्या मागे त्यांचे बाप कर्नाटकात आले असतील. एक मुलगा एकोजीराजांकडे राहिला, दुसरा संताजींबरोबर गेला, असेही झाले असेल. भोसल्यांचा वंशवृत्तांत १८०३ साली सरफोजीराजांच्या काळात तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. आपल्यापैकी कोणी तंजावरला गेले तर तो जरूर पाहावा, छाती अभिमानाने भरून येते. पण घराण्याच्या त्या इतक्या लांब शिलालेखासमोर एबानाच्या मुलासारखा आपला एखादा साधा स्वार स्वतःची हकीकत सांगत उभा नाही. मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर होते.

दीपाबाईंची चोळीबांगडी

पराभवानंतर एकोजीराजे खचले. युद्ध आणखी वाढू शकले असते. ते वाढले नाही, याचे श्रेय बखरी ज्या व्यक्तीला देतात ती म्हणजे एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई. इंगळे घराण्यातली ही मुलगी. थोरल्या दिरांशी वैर धरण्यात शहाणपण नाही, रघुनाथपंतांशी बोलावे आणि तह करावा, असे त्यांनी नवऱ्याला समजावले.

इजिप्तच्या पानावर अशीच एक राणी होती. अहमोस राजाची आई अहहोतेप. कर्नाकच्या शिलालेखात राजाने आईचे गुणगान केले आहे. तिने सैनिकांची काळजी घेतली, पळून गेलेल्यांना परत आणले, असे तो सांगतो. तिच्या नावाच्या पुरणसामग्रीत सोन्याच्या तीन मोठ्या माश्या सापडल्या. हा म्हणे तिथला शौर्याचा मान! तिने पांगलेली फौज पुन्हा उभी केली, तर आपल्या दीपाबाईंनी उभी असलेली फौज थांबवली. मला दुसरे काम जास्त अवघड वाटते.

तह झाला. तंजावर एकोजीराजांकडे राहिले. आणि महाराजांनी काय केले? जिंकून घेतलेले बेंगळूर, होसकोटे आणि शिरे हा दोन लाख होन उत्पन्नाचा मुलूख भावजयीला चोळीबांगडीसाठी दिला! जिंकलेल्याने हरलेल्याला मुलूख परत दिला तर ती भीक वाटली असती. भावजयीला चोळीबांगडी म्हणून दिल्यावर नाही म्हणायला जागा उरली नाही, आणि कोणाची मान खाली गेली नाही. पुढे एकोजीराजे उदास होऊन बसले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना पत्र लिहून निराशा टाकण्याचा आणि उद्योगाला लागण्याचा उपदेश केला. युद्धानंतरही नाते राहिले ते असे.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने बेंगळूर घेतले आणि लगेच ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. मराठ्यांचे बेंगळूर संपले. पण आपण आज ज्या शहरात बाप्पाची स्थापना करतो, ते कधीकाळी एका मराठी सुनेची चोळीबांगडी होते, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

घरातली गोष्ट

मुलाला हे सगळे सांगून झाल्यावर मी बराच वेळ जागा होतो. मिरजेजवळ आमची वडिलार्जित जमीन आहे. वडील गेल्यावर विहिरीच्या हिश्शावरून आणि काही गुंठ्यांवरून माझे आणि दादाचे बिनसले. चूक दोघांची. चार वर्षे बोलणे बंद. त्या चार वर्षांत शेत पडीक राहिले. आम्हा दोघांचे त्यात काही अडले नाही. दादाचा पगार चालू, माझा चालू. अडले ते आमच्या वाटेकऱ्याचे. वडिलांच्या वेळेपासून तो ते शेत कसत होता. दोन हंगाम त्याने वाट पाहिली, मग बायकामुलांना घेऊन इचलकरंजीला पॉवरलूमवर गेला. आमच्या भांडणात त्याचे नाव कोणी एकदाही घेतले नव्हते, मीही नाही. घरातली वाटणी घरात मिटली नाही की तिची किंमत बाहेरचा माणूस मोजतो, मग ते राजघराणे असो नाहीतर तीन एकरांचे शेत.

गेल्या रविवारी चिकपेटला गेलो आणि गौरीसाठी वहिनींना एक साडी घेतली. सौभाग्यवतीने विचारले, “दादांना काय सांगणार?” म्हटले, दादाला काही सांगायचे नाही, साडी वहिनींची आहे. पार्सल पोचल्याचा वहिनींचा फोन आला. दोन मिनिटे बोलल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, थांबा हं, ह्यांना देते.”

दादा म्हणाला, “पाऊस कसा आहे तिकडं?”

मी म्हटले, “बरा आहे.” मग वाटेकऱ्याचा इचलकरंजीचा पत्ता आहे का, ते विचारले. दादा म्हणाला, शोधतो.

गणपती बाप्पा मोरया!