पाडण्यापूर्वीचा कौल

घर उभे करावयास एका पिढीची मिळकत लागते. ते जमीनदोस्त करावयास एक दिवस पुरतो. कागद हरवला तर त्याची नक्कल दुसऱ्या दप्तरात सापडण्याचा संभव असतो. भिंतीची नक्कल कोठेही नसते. म्हणूनच एखादी जुनी वास्तू पाडण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा तो केवळ मालक आणि कंत्राटदार यांच्यामधील व्यवहार राहत नाही. त्या वास्तूशी गावाची जी स्मृती जडलेली असते, तिचाही निकाल त्याच दिवशी लागतो. तो निकाल कोणी द्यावा, केव्हा द्यावा आणि काय पाहून द्यावा, हा प्रश्न जगात बहुतेक ठिकाणी पुष्कळ नुकसान होऊन गेल्यावरच विचारला गेला. गोमंतकाच्या उत्तर भागात, डिचोली आणि पेडणे ह्या तालुक्यांत, तो विचारण्याची वेळ अद्याप टळलेली नाही. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी कारापूरसारख्या गावाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

कारापूर हे डिचोली तालुक्यातील वाळवंटी नदीच्या काठचे गाव. पलीकडे साखळीची बाजारपेठ, थोड्या अंतरावर हरवळ्याची लेणी, आणि गावाच्या विठ्ठलापूर ह्या भागात विठ्ठलाचे मंदिर. सत्तरीच्या राणे घराण्याची ह्या देवावर पिढ्यान्‌पिढ्यांची भक्ती आहे, आणि चैत्रातील उत्सवास दूरदूरचे भाविक येथे येतात. हे मंदिर आज जसे दिसते तसे ते सर्व एकाच काळातील नव्हे. त्याचा जीर्णोद्धार झाला, शिखराला उत्तरेकडील धाटणी आली. परंतु जुन्या मंडपाचे कोरीव लाकडी खांब जपले गेले. नव्या शिखराकडे पाहून जीर्णोद्धार करणाऱ्यांची उमेद कळते, तर खांबांकडे पाहून त्यांच्या आधीच्या सुतारांचा हात कळतो. खांब काढून नवे उभारले असते तर मंदिर राहिले असते, पूजा राहिली असती, उत्सवही राहिला असता. मात्र त्या सुतारांचा हात कायमचा गेला असता. प्रस्तावांची छाननी म्हणजे शेवटी हाच विचार: काय बदलावे आणि काय जपावे.

हा विचार ह्या मुलखाला नवा नाही. डिचोलीचे जुने नाव भतग्राम. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पाडली, तेव्हा अनेक देवता नदी ओलांडून त्यांच्या सत्तेबाहेरच्या प्रदेशात गेल्या. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर हा त्यांतलाच एक. कदंब राजे आपल्या बिरुदावलीत ह्या देवाचे नाव अभिमानाने मिरवीत. त्याचे देवालय नष्ट झाल्यावर लिंग नदीपार नार्वे येथे आणले गेले, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील देवालयाच्या कामास प्रारंभ झाला. त्याची नोंद करणारा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. त्यातील तिथी १३ नोव्हेंबर १६६८ ह्या दिवसाशी जुळते. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. तोवर राज्यकर्त्यांचे धोरण पालटलेले होते. नव्या काबिजादीतील देवळांना त्यांनी हात लावला नाही, म्हणून ह्या तालुक्यांत जुन्या वास्तूंची परंपरा अखंड राहिली.

नार्वे येथील देवालयाची रचनाच मोठी बोलकी आहे. गर्भगृहावर अष्टकोनी बैठक व तिच्यावर बसका घुमट, भोवती उतरती कौलारू छपरे, युरोपीय वळणाचा सभामंडप आणि समोर उंच दीपस्तंभ. कदंबांचे दैवत, मराठ्यांची आज्ञा आणि गोमंतकी गवंड्यांनी पोर्तुगिजांच्या शेजाराने आत्मसात केलेली शैली, असे तीन थर एका वास्तूत एकत्र नांदत आहेत. तेथे ‘मूळचे’ तेवढे ठेवून ‘परके’ काढून टाकावे असे कोणी ठरविले असते, तर इतिहासाचे एक पानच फाटले असते. ही वास्तू राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत असल्यामुळे तिच्या दुरुस्तीचे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा जनतेसाठी खुली झाली. जीर्ण झालेले सावरावे, परंतु थर पुसू नयेत, हे तत्त्व ह्या एका देवळाच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते, तितके दहा व्याख्यानांनी होणार नाही.

ह्याच्या अगदी उलट उदाहरणही गोमंतकातच आहे. जुने गोवे हे एके काळी पूर्वेकडील वैभवशाली नगर. रोगराईमुळे त्याची वस्ती घटत गेली. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले आणि त्यांचे मठ ओस पडले. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. नव्या राजधानीला दगड हवा होता आणि जुन्या राजधानीत तो बेवारस पडलेला होता. एकामागून एक वाडे आणि मठ उतरविले गेले व त्यांचा दगड पणजीच्या इमारतींत गेला. संत ऑगस्टीनच्या भव्य चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भाग १९३१ मध्ये ढासळला. मनोऱ्याचा एक तुकडा तेवढा आज उभा आहे. १९८६ मध्ये युनेस्कोने तेथील चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत घेतले, पण तो मान अवशेषांना मिळाला, नगराला नव्हे. घरे, रस्ते आणि पेठा ह्यांचे मिळून जे नगर होते ते तोवर माळरान झालेले होते. सुटी स्मारके वाचली तरी वस्ती वाचतेच असे नाही, हा त्यातील धडा.

सुट्या स्मारकांकडून वस्तीकडे लक्ष वळविण्यास जगालाही बराच वेळ लागला. अमेरिकेतील चार्ल्स्टन ह्या नगराने १९३१ मध्ये आपल्या जुन्या भागासाठी कायदा केला आणि तेथील इमारतींच्या बाह्यरूपातील फेरफार तपासणारे एक मंडळ नेमले. न्यू यॉर्कने मात्र पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानकाची भव्य वास्तू १९६३ मध्ये पाडली जाताना पाहिली, आणि त्यानंतर १९६५ मध्ये तेथे संरक्षणाचा कायदा आला. फ्रान्सने १९६२ मध्ये आणि इंग्लंडने १९६७ मध्ये केवळ इमारतींना नव्हे, तर संबंध जुन्या विभागांना संरक्षण दिले. भारतात मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंची नियमावली लागू केली, त्यांची तीन श्रेणींत विभागणी केली, आणि प्रस्ताव तपासण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला सहसा हात लावावयाचा नाही, दुसरीत मर्यादित फेरफार करावयाचा, तिसरीत परिसराचे रूप सांभाळून अधिक मोकळीक द्यावयाची, अशी ही साधी पद्धत आहे. सर्वच जुने एका तराजूत तोलले म्हणजे शेवटी काहीच वाचत नाही, हे त्या नियमावलीने ओळखले.

गोमंतकातही कायदे नाहीत असे नाही. १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे, १९७८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. विकास आराखड्यात जो भाग संवर्धन विभाग म्हणून दाखविलेला असतो, तेथील प्रस्ताव संवर्धन समितीकडे जातात. पणजीतील फोंतेन्यास आपल्या अरुंद गल्ल्या आणि रंगीत दर्शनी भिंती टिकवून आहे त्याचे श्रेय पुष्कळ अंशी ह्या व्यवस्थेला आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने झाली. परंतु ह्या सर्व तरतुदींना एक समान मर्यादा आहे. जे यादीत आहे किंवा नकाशात रंगविलेले आहे, तेवढ्यापुरतेच त्यांचे छत्र पसरते. खेड्यातील साध्या घराचा, घाटाचा, तळीचा किंवा देवळाभोवतीच्या वाड्याचा नंबर यादीत लागत नाही, आणि यादीत नाही म्हणून त्याच्याविषयी कोणी विचारीत नाही. गावात बांधकामाचा परवाना ग्रामपंचायत देते. नगर नियोजन खाते तांत्रिक मंजुरी देते. त्यात प्रामुख्याने जमिनीचा वापर, चटईक्षेत्र, उंची आणि रस्त्यापासूनचे अंतर पाहिले जाते. ह्या साऱ्या बाबी उद्याच्या इमारतीच्या झाल्या. त्याच जागेवर काल काय उभे होते, हा प्रश्न कागदावर क्वचितच येतो.

आता तो कागदावर येणे निकडीचे झाले आहे. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. रस्ते रुंद होत आहेत, जमिनींना भाव आला आहे, आणि किनाऱ्यापुरती असलेली बांधकामाची लाट आतल्या तालुक्यांकडे वळली आहे. ज्या घराची दुरुस्ती परवडत नाही त्याच्या जागेला चांगली किंमत येते, हा मोह सामान्य कुटुंबाला टाळता येण्यासारखा नसतो.

येथे घरमालकाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंती, लाकडी वासे आणि कौले ह्यांची निगा दर वर्षी न राखल्यास चार पावसाळ्यांत घर खचते. त्यात वारसाहक्काची अडचण. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा येथे पुढे चालू राहिली आणि तिच्यानुसार मुलगे व मुली सर्वांना मालमत्तेत समान वाटा मिळतो. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट प्रशंसनीय खरी. परंतु तीन पिढ्यांनंतर एकाच घराचे वीस-पंचवीस भागीदार होतात, कोणी मुंबईत, कोणी पोर्तुगालमध्ये, आणि कौले शाकारण्याचा खर्च कोणी करावयाचा ह्यावर एकमत होत नाही. अशा कुटुंबाला केवळ ‘पाडू नका’ असा हुकूम देणे म्हणजे घर पावसाच्या स्वाधीन करणे होय. दुर्लक्षाने पडलेले घर आणि कुदळीने पाडलेले घर ह्यांत इतिहासाच्या दृष्टीने अंतर नाही. छाननी करणाऱ्या यंत्रणेजवळ नकाराबरोबर मदतीचाही हात असावयास हवा. दुरुस्तीस अनुदान, घरपट्टीत सवलत, जाणत्या गवंड्या-सुतारांची उपलब्धता आणि घराचा दुसरा योग्य उपयोग करण्याची मुभा ह्यांवाचून संरक्षण हे दंडाचे दुसरे नाव ठरते.

छाननीचे काम वस्तुतः गहन नाही. प्रथम गावाची नोंद व्हावी: कोणत्या वास्तू, कोणत्या काळच्या, कशाच्या बांधलेल्या. प्रस्ताव आला की पाडकाम आणि नवे बांधकाम हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावे. वास्तू खरोखर मोडकळीस आली आहे की तसे भासविले जात आहे, हे स्थापत्यज्ञाने प्रत्यक्ष पाहून सांगावे. पाडणे अटळच असेल तर त्यापूर्वी मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे घेतली जावीत, आणि नव्या इमारतीचा आराखडा मंजूर झाल्याशिवाय पाडकामास परवानगी मिळू नये. नाहीतर जुने जाते, नवे येत नाही, आणि मध्ये ओसाड खड्डा उरतो. नव्या इमारतीने जुन्याची नक्कल करावी असे मुळीच नाही. शेजारच्या छपरांची उंची, उतार, ओसरीचे रस्त्याशी असलेले नाते आणि देवळाच्या शिखराकडे जाणारी नजर, एवढ्यांचा मान तिने राखला म्हणजे पुरे.

जुने कशास म्हणावे ह्याविषयीही दुराग्रह नको. गोमंतकी घराची ओळख म्हणून जे मंगळुरी कौल दाखविले जाते त्याचा पहिला कारखाना मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला. ज्या काळी ही कौले गावोगाव आली त्या काळी ती नवीच होती, कारखान्यातली होती, आणि तरीही त्यांनी चिऱ्याच्या भिंतींशी, राजांगणाशी आणि तुळशीवृंदावनाशी जुळवून घेतले. नव्याने जुन्याशी असे नाते जोडले की तेही काळाच्या ओघात वारसा होते.

ह्या छाननीसाठी परदेशी नमुना आणावयाची गरज नाही. गोमंतकातील देवस्थानांचा कारभार महाजन पाहतात आणि १९३३ पासून त्याला माझानियांच्या नियमावलीचे कायदेशीर स्वरूप आहे. हिशेब, खर्च, कामे ह्यांवर सभेत विचार व्हावा, एकट्याच्या मर्जीने काही होऊ नये, ही शिस्त तेथे रुळलेली आहे. तिच्याही मागे एक जुनी रीत आहे: मोठे कार्य हाती घेण्यापूर्वी देवाला कौल लावावयाचा. मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवून भाविक हात जोडून उभा राहतो आणि पाकळी पडेपर्यंत थांबतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने मानावा. परंतु त्या रीतीतला विवेक सर्वांनी घेण्यासारखा आहे. कामाला हात घालण्यापूर्वी विचारावयाचे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचे.

ग्रामपंचायतीच्या परवान्याच्या अर्जात ‘ह्या जागी आज काय उभे आहे?’ एवढा एक रकाना वाढला, आणि त्याचे उत्तर जाणत्या माणसांनी प्रत्यक्ष जाऊन तपासले, तर कारापूरच्या मंडपातील खांबांसारखे पुष्कळ काही गावोगाव वाचेल. जे पडणारच असेल ते निदान नोंद होऊन, विचारपूर्वक पडेल. मागील पिढ्यांनी संकटाच्या काळात देव पाठीवर घेऊन नद्या ओलांडल्या. स्वस्थतेच्या काळातील पिढीकडून तेवढ्या साहसाची अपेक्षा कोणी करीत नाही. कुदळ उचलण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची मात्र अवश्य करता येते.