क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम

क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम ही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर प्रणालीतील एक सुविधा आहे. तिच्यामुळे क्लस्टरमधील सर्व सर्व्हर (नोड) एकाच सामायिक डिस्कवर एकाच वेळी वाचन व लेखन करू शकतात. विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये हायपर-व्हीवरील आभासी यंत्रांसाठी ही सुविधा प्रथम उपलब्ध झाली.

बॅकअप

प्रत्येक व्हॉल्यूमसाठी एक नोड समन्वयक असतो. २००८ आर२ मध्ये बॅकअप चालू असताना इतर नोडांचे वाचन-लेखन नेटवर्कमार्गे समन्वयकाकडे वळवले जाई. त्यामुळे आभासी यंत्रे मंदावू शकत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही अडचण दूर झाली. समन्वयकाची भूमिका एका नोडकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून बॅकअप सॉफ्टवेअर सामान्यतः सर्व नोडांवर बसवतात आणि त्यात एकट्या नोडऐवजी संपूर्ण क्लस्टरची नोंद करतात. अन्यथा समन्वयक बदलल्यावर बॅकअप अपुरा राहण्याचा धोका असतो.